शाहबानोंचं इंदूर आणि पर्सनल लॉ बोर्ड

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या समाजाच्या शिखर संस्थेनं सार्वजनिक जीवनात काय करावं, हा आजचा विषय. इंदूरकरांनी यावर बोलायचं तर शाहबानो बेगम यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते. त्या आपल्याच शहरातल्या. १९३२ साली लग्न, पाच मुलं, आणि १९७५ मध्ये वकील नवऱ्यानं घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये त्यांनी इथल्या कोर्टात पोटगीचा अर्ज केला, तेव्हा साठी उलटली होती. अर्ज चालू असतानाच नवऱ्यानं तलाक दिला. मॅजिस्ट्रेटनं महिना २५ रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं त्याचे १७९ रुपये २० पैसे केले. तेवढ्या रकमेसाठी वकिली करणारा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला. आणि तिथे ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड त्याच्या बाजूनं उभं राहिलं.

हे बोर्ड सरकारी नाही, लोकांनी मतदान करून निवडलेलंही नाही. १९७२ मध्ये सर्व धर्मांना लागू होईल असं दत्तकविधानाचं विधेयक आलं आणि मुसलमानांचा कौटुंबिक कायदा आता बदलणार, अशी धास्ती पसरली. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत मोठं अधिवेशन भरलं, आणि १९७३ मध्ये हैदराबादला बोर्डाची स्थापना झाली. देवबंदी, बरेलवी, शिया, अहले हदीस असे एरवी एकमेकांशी न पटणारे पंथ एका मंचावर आले. ही लहान गोष्ट नव्हती. घरातल्या लग्न-वारशाचे निर्णय दिल्लीत व्हायचे असतील, तर समाजाच्या वतीनं तिथे बोलणारं कुणीतरी हवंच. बोर्डाचा हा हक्क मी मनापासून मानते.

पण समाज म्हणजे कोण? मुंबईत १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुस्लिम महिलांनी तोंडी तलाकाविरुद्ध मोर्चा काढला होता. म्हणजे बोर्ड जन्मण्याआधीच बायकांनी आपलं म्हणणं रस्त्यावर येऊन मांडलं होतं. इंदूरच्या मराठी मंडळांमध्येही आपण हे पाहतो: पत्रकावर ‘सकल समाज’ असतो आणि ठरवणारी चार माणसं असतात.

२३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठानं शाहबानोंच्या बाजूनं निकाल दिला. बोर्डानं देशभर सभा घेतल्या. काही महिन्यांत शाहबानोंच्या अंगठ्याचा ठसा असलेलं पत्र प्रसिद्ध झालं: हा निकाल मला नको. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून जिंकलेली म्हातारी ते जिंकलेलं परत करते, तेव्हा तिच्यावर केवढं दडपण आलं असेल! १९८६ मध्ये संसदेनं तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला; नवऱ्याची पोटगीची जबाबदारी तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरतीच, असा त्याचा रोख होता. पुढे २००१ मध्ये न्यायालयानं त्याचा अर्थ स्त्रियांच्या बाजूनं लावला, ही त्यातली बरी बाजू.

बोर्ड अगदीच हललं नाही, असंही नाही. २००५ मध्ये भोपाळला त्यांनी आदर्श निकाहनामा मंजूर केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला लिहून दिलं, की एका दमात तीन तलाक देऊ नका असं निकाहाच्या वेळीच नवरदेवाला सांगा, अशी सूचना काझींना करू. हे त्यांनी १९८५ मध्ये केलं असतं तर? २००५ मध्येच शिया मंडळी आणि काही महिला आपापली वेगळी बोर्डं काढून बाहेर पडल्या. ज्यांचं ऐकून घेतलं गेलं नाही, त्यांनी वेगळी चूल मांडली, असंच मी याकडे पाहते.

१० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं, की तलाक झालेली मुस्लिम स्त्री सर्वांसाठीच्या कायद्याखाली पोटगी मागू शकते. बोर्डाच्या कार्यकारिणीनं चारच दिवसांनी ठराव केला: हा निकाल फिरवण्याचे उपाय शोधू. माझी मागणी साधी आहे. असा ठराव करण्याआधी बोर्डानं शहराशहरांत पोटगीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बायकांना बोलवावं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं आणि ते ठरावाबरोबर छापावं.

नमस्कार.