तिसरी तार

मार्च सरत आलाय. वरुडकडच्या एका शीतगृहात मृग बहाराची संत्री क्रेटमध्ये रचलीत. भिंतीवरचा डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं यंत्र, साडेसहा अंश दाखवतोय. नागपुरी संत्र्याला सहा-सात अंश मानवतात. मग सालीवर हे तपकिरी, खचलेले डाग कसले?

"याले थंडी लागली," क्रेट उपसणाऱ्या मावशी म्हणाल्या. त्यांनी हात लावून ओळखलं. आम्हाला दोन दिवस लागले.

आत पीटी-100 हा तापमान मोजणारा सेन्सर आहे. शून्य अंशाला त्याचा विजेला होणारा रोध 100 ओहम, पुढे दर अंशाला साधारण 0.385 ओहमनं वाढणारा. त्याला तीन तारा असतात, त्यातल्या दोन एकाच रंगाच्या. त्या जोडीवरून लॉगर केबलचा स्वतःचा रोध ओळखतो आणि वजा करतो. दिवाळीनंतर उंदरांनी केबल कुरतडली. वायरमनभाऊंनी गावात मिळाली ती दोन तारांची ओढली आणि रिकाम्या टर्मिनलला लॉगरपाशीच जंपर, म्हणजे जोडतारेचा तुकडा, मारला. त्यामुळे केबलचा रोध वजा होईना. आकडा दिसला, काम झालं. त्यांना बोल लावावा तर जोडणीचा कागद इंग्रजीत, आणि तोही उंदरांच्याच पोटात गेलेला.

अर्धा चौरस मिलिमीटरची 20 मीटर केबल. जाऊन-येऊन दीड ओहम, म्हणजे चार अंश. कॉम्प्रेसर याच आकड्यावर चालतो. साडेसहा दिसत होते तेव्हा फळं अडीच अंशांत कुडकुडत होती.

हे कळलं कसं? बादलीत कुटलेला बर्फ, थोडं पाणी. सेन्सर बुडवला. दिसायला हवं शून्य, लॉगर म्हणे चार. मग सेन्सर सोडवून लॉगरच्या टर्मिनलवरच 100 ओहमचा अचूक रोधक लावला. शून्य. लॉगर ठीक. तोच रोधक केबलच्या दुसऱ्या टोकाला लावला, पुन्हा चार. खोट केबलमध्ये.

"मग सेटिंगमध्ये चार वजा करून टाका ना भाऊ, केबल काऊन बदलवता?" मालकांनी विचारलं. मोह होतो. मीही पूर्वी केलंय. पण ही केबल टिनाच्या छपराखालून जाते, आणि तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. पहाटे चूक चार अंशांची, भर दुपारी साडेचारच्या आसपास. वजा करायचा आकडा कोणता धरायचा?

अमरावतीहून तीन तारांची केबल आणली. जंपर काढला. बर्फात लॉगरनं 0.1 दाखवलं.

सेन्सर परत आत टांगला. आकडा हळूहळू 2.4 वर येऊन थांबला. मालक बराच वेळ तिकडे पाहत उभे होते. मावशींनी तोवर डागाळलेले क्रेट बाजूला काढायला घेतले होते.