दरोड्याच्या तयारीतला पाचवा माणूस

गस्तीवरच्या पथकाने दरोड्याच्या तयारीतली टोळी जेरबंद केली. कोयता, कटावणी, नायलॉनची दोरी, मिरचीपूड जप्त. दोघे अंधाराचा फायदा घेऊन पसार. ही बातमी तुम्ही इतक्यांदा वाचली असेल की ती पाठ झाली असेल. आज तीच उसवून पाहू. पारधी, कैकाडी, टकारी, वडार यांच्या वाट्याला कायदा वेगळा येतो, तो नेमका कुठे वेगळा होतो हे तिच्यात चांगलं दिसतं.

आधी पसार झालेल्या दोघांकडे बघा. दरोडा म्हणायला कायद्याने किमान पाच माणसं लागतात. चौघांनी केली तर ती जबरी चोरी, आणि जबरी चोरीची नुसती तयारी हा गुन्हाच नाही. दरोड्याची तयारी मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१० (४) खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरीची. म्हणजे तिघे हाती लागले तर कागदावर आणखी दोघे हवेतच. या गुन्ह्यात फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस, पंच पोलिसांनी बोलावलेले. लुटला गेलेला कोणी नाही, चोरीचा माल नाही. पुराव्याची ही रिकामी जागा भरायला 'सराईत' हा शब्द कामी येतो.

सराईत कोणाला म्हणावं, हे १९५९ च्या मुंबईच्या सराईत गुन्हेगार कायद्यात स्पष्ट आहे. सलग पाच वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या प्रसंगी, किमान तीन वेळा दोषी ठरून प्रत्यक्ष कैदेची शिक्षा झालेला माणूस. कोठडी मागताना पोलीस कोर्टात देतात त्या रिमांड रिपोर्टमध्ये मात्र 'दाखल गुन्हे' मोजतात. त्यात सुटलेले खटले असतात, प्रलंबित असतात, कधी नुसत्या चॅप्टर केसेस, म्हणजे चांगल्या वर्तनाचं बंधपत्र मागणाऱ्या प्रतिबंधक कारवाया, असतात. वकिलाने पहिल्याच तारखेला प्रत्येक गुन्हा नंबरपुढे निकाल लिहिलेला तक्ता कोर्टात द्यावा. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर बसून हे काम होतं, पण कोणी करत नाही. पारध्यांची आडनावं भोसले, काळे, पवार, चव्हाण. आडनावावरून काही कळत नाही, म्हणून पत्त्यात 'पारधी पेढी' नाहीतर 'पारधी बेडा', म्हणजे पारध्यांची वस्ती, आवर्जून येतं.

ही नजर कुठून आली ते थोडक्यात सांगतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात सरकारने एखादी जमात अधिसूचित केली की त्या निर्णयाला कोर्टात आव्हान देता येत नसे. मग नोंदणी, हजेरी, पास. सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, म्हणजे या जमातींना डांबलेल्या वसाहतीतल्या, माणसांची मजुरी गिरण्यांना पुरवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, या जमाती 'विमुक्त' झाल्या आणि राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे उभे राहिले. जात म्हणजे वंश नव्हे, ही भारत सरकारची जुनी भूमिका; तरी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २००७ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा रद्द करा अशी शिफारस भारताला केलीच. ती समितीला का करावी लागली हे समजायला एखाद्या ठाण्यातलं जुनं रजिस्टर चाळलं तरी पुरे.

त्या रेकॉर्डचं काय होतं ते ५ मार्च २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात वाचा. नाशिकच्या कोर्टात चाललेला, २००३ मधल्या दरोडा, खून आणि बलात्काराचा खटला. भटक्या जमातीतले सहा जण. हायकोर्टाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना फाशी ठोठावली. पुनर्विलोकनात सगळे निर्दोष सुटले, आणि त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असंही निघालं. जखमी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंमधून चार भलत्याच माणसांना ओळखलं होतं. तो जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेला होता, पण खटल्यात आलाच नाही. आरोपी भटके, तळागाळातले, म्हणून त्यांना गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं कोर्टाने लिहिलं आणि प्रत्येकाला ५ लाख रुपये द्यायला सांगितलं. सोळा वर्षं आत काढल्यावर.

म्हणून खरं काम पहिल्या चोवीस तासांचं आहे. वस्तीवरून माणूस मंगळवारी उचलतात आणि कागदावर अटक गुरुवारी रात्री दिसते, ही कायमची तक्रार. ती नंतर तोंडी सांगून उपयोग नसतो. माणूस नेला त्याच तासाला पोलीस अधीक्षकांना ईमेल आणि नियंत्रण कक्षाला ११२ वर फोन करा; गाडीचा नंबर, वेळ, सोबत कोण होतं, सगळं त्यात सांगा. लगोलग ठाण्याचं सीसीटीव्ही फुटेज जतन करण्याचा लेखी अर्ज द्या. डिसेंबर २०२० च्या आदेशात सुप्रीम कोर्टाने हे फुटेज अठरा महिने, आणि तशी सोय नसेल तर निदान एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे. जोडीला ठाणे दैनंदिनीतली पथक निघाल्याची नोंद आणि गाडीचं लॉगबुक मागवा. गस्तीची गाडी त्या रात्री त्या रस्त्यावर गेलीच नव्हती, हे बऱ्याचदा तिथेच उघड होतं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १०५ प्रमाणे आता बंधनकारक आहे. पंचनाम्यात कोयता असेल तर चित्रीकरणातही तो कसा सापडला हे दिसलं पाहिजे. बाईला सूर्यास्तानंतर नेलं असेल तर त्याला बंदी घालणारं याच संहितेचं कलम ४३ (५) दाखवा. आणि सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, साधी चोरी त्यातच येते, अटकेची गरज का पडली ते पोलिसांनी लिहून द्यावं लागतं. ३ ऑक्टोबर २०२४ च्या तुरुंगातल्या जातिभेदाबद्दलच्या निकालात सुप्रीम कोर्टाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून हे नियम पाळायला पोलिसांना मुद्दाम बजावलं आहे. तो परिच्छेद अर्जातच उतरवा.

चॅप्टर केसबद्दल एवढंच, की बीएनएसएसच्या कलम १२८ किंवा १२९ ची छापील नोटीस द्यायची, त्याच दिवशी अंतरिम बंधपत्र मागायचं आणि जामीनदार नाही म्हणून आत पाठवायचं, हे बेकायदेशीर आहे. चौकशी सुरू झाल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येत नाही, हे मधू लिमयांच्या १९७० च्या खटल्यातच ठरलं.

जामीन मंजूर होऊनही माणूस आत राहतो तो जामीनदारापायी. सातबारा नाही, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला नाही, रेशनकार्ड दुसऱ्या तालुक्यातलं. सुप्रीम कोर्टाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने इथे एक दार उघडलंय. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, महिना उलटला तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करू शकतं, आणि जामीनदार स्थानिकच हवा हा हट्टही धरायचा नाही. सातव्या दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांना अर्ज गेला पाहिजे. अधीक्षक कळवतील म्हणून थांबू नका.

आता खोट्या गुन्ह्यात गोवल्याची उलट तक्रार. अॅट्रॉसिटी कायद्यात खोट्या, त्रास देणाऱ्या कारवाईचं कलम आहे, पण ते अनुसूचित जाती-जमातींपुरतं. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्त जातींत. कैकाडी नागपूर-अमरावतीकडे अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त जातींत. मार तोच, ठाणं बदललं की संरक्षण बदलतं. त्यामुळे तक्रारीचा मसुदा करण्याआधी जातीचा दाखला कुठल्या जिल्ह्यातला आहे आणि त्यावर नेमकी कोणती पोटजात लिहिली आहे, हे तपासा. दाखलाच नसेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली, खोटा गुन्हा दाखल केल्याबद्दल, तक्रार देता येते का ते बघा.