रागाच्या वर्गाची फी आणि एस.टी.चे भाडे

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होड्या लागल्या की जेटीवर एकच गलबला उठतो. लिलावाची बोली चालू असते, बर्फ फोडला जात असतो आणि त्यातच एखादा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, खलाशावर ओरडत असतो. जाळे फाटलेले, डिझेलचे पैसेही सुटलेले नाहीत, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अशा वेळचा राग कोणालाही समजू शकतो. परंतु त्याच माणसाने घरी जाऊन जेवणाचे ताट भिरकावले, त्याची चाहूल लागताच मुले आतल्या खोलीत पळू लागली आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःलाच तोंड वर करवेना, की घरातले कोणीतरी दबक्या आवाजात विचारते: यावर कुठे काही शिकवतात का, आणि त्याला किती पैसे पडतात?

शिकवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको यांनी १९७५ मध्ये रागावरील उपचाराची पद्धतशीर मांडणी केली आणि आजचे बहुतेक वर्ग त्याच वाटेने चालतात. राग चढताना शरीरात काय होते ते ओळखणे, त्या क्षणी थांबणे, मनात आलेला अर्थ तपासून पाहणे आणि तेच म्हणणे न ओरडता मांडणे, असा हा सराव असतो. अमेरिकी सरकारच्या आरोग्य विभागाने २००२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत दर आठवड्याला दीड तासाची एक, अशा १२ गटबैठका सांगितल्या आहेत. एका रविवारच्या शिबिरात राग कायमचा घालवण्याचे आश्वासन मिळत असेल, तर हा १२ चा आकडा आठवावा. उशीवर ठोसे मारून राग बाहेर काढा, असे शिकवणाऱ्या ठिकाणीही पैसे भरू नयेत. ब्रॅड बुशमन या संशोधकाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांनी चिडवणाऱ्या व्यक्तीचा विचार करत पिशवीवर ठोसे मारले त्यांचा राग उलट वाढलेला आढळला होता.

आता खर्चाकडे येऊ. एका भेटीचे १,००० रुपये धरले, तर १२ भेटींचे १२,००० रुपये होतात; गटात बसल्यास हा भार बहुधा कमी होतो. पण कोकणात फी हा खर्चाचा एकच भाग आहे. राजापूर तालुक्यातल्या आतल्या वाडीतून रत्नागिरीला येणाऱ्याचा दीड तासाच्या बैठकीसाठी सबंध दिवस जातो, म्हणजे १२ दिवसांची मजुरी बुडते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.चे अर्धे भाडे पडते, त्यामुळे पत्नी सोबत आली तर तेवढा आधार होतो. ऑनलाइन बैठकीने प्रवास वाचतो खरा. मात्र ज्या घरात माजघरातले बोलणे पडवीपर्यंत ऐकू जाते, तिथे मन मोकळे करायला जागा कुठली? आंब्याच्या बागेत, रेंज मिळेल अशा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसणे मला त्यापेक्षा बरे वाटते.

पैसे भरण्याआधी सरकारी दार ठोठावावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. रत्नागिरीत १८८६ पासूनचे मनोरुग्णालय आहे आणि तिथला बाह्यरुग्ण विभाग केवळ गंभीर आजारांसाठी नसतो. ‘तिथे गेलेला दिसलो तर गाव काय म्हणेल’ या भीतीने अनेकजण फाटकावरूनच परततात, ही फार दुःखाची गोष्ट आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, मराठीतही. शिवाय सततची चिडचिड नैराश्यातून, अपुऱ्या झोपेतून, दारूतून किंवा थायरॉइड वाढल्यामुळेही होऊ शकते. तसे असेल तर आधी त्यावर उपचार हवेत, कारण वर्गात केवळ वेळ आणि पैसा जाईल.

विम्याचा आधार मर्यादित आहे. मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. परंतु बऱ्याच पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात आणि वर्ग त्यात बसत नाही.

शिकवणारी व्यक्ती कोण, हे विचारण्यात संकोच नको. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो नोंदणी क्रमांक मागता येतो. औषधे लागणार असतील तर मनोविकारतज्ज्ञच हवा. पहिल्या भेटीत आपल्याला किती विचारले जाते, याकडे लक्ष द्यावे. दारू, झोप, घरातील मारहाण, भाऊबंदकीतला जमिनीचा दावा यांपैकी काहीही न विचारता थेट पावती फाडणारा वर्ग माझ्या मते टाळावा.

मारहाणीबाबत मात्र निराळे बोलले पाहिजे. जो माणूस पोलीस पाटलासमोर, सावकारासमोर, बोटमालकासमोर शांत राहतो आणि केवळ पत्नीवर हात उचलतो, त्याला राग आवरता येतो. घरात मात्र तो राग आवरायचे टाळतो. अशा वेळी वर्गाची चौकशी करण्याआधी तिची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी लागते. त्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२ आहे आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकारी संरक्षणाचे आदेश देऊ शकतात. नवऱ्याने वर्गात नाव घातले एवढ्यावर तिने माहेरून परत यावे, असा दबाव कोणीही आणू नये.

पावसाळ्यात यांत्रिक मासेमारी बंद होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. तांडेलाला मिळणाऱ्या या साधारण दोन महिन्यांत आठवड्याला एक याप्रमाणे आठ-नऊ बैठका होतात. उरलेल्या तीन-चार बैठका हंगाम सुरू झाल्यावर फोनवर होतील का, आणि समुद्रात असल्यामुळे एखादी चुकली तर तिचे पैसे द्यावे लागतील का, हे पहिली फी देण्याआधीच विचारून घ्यावे.