पोळ्या झाल्या, आता ऑफिस

(दृश्य: सोसायटीचा जिना. भातुकली मांडलेली. वाटीत चुरमुरे, शेंगदाणे, गूळ.)

कुकर चढलाय. शेगडी म्हणजे पालथा डबा, आणि शिट्ट्या अर्थातच तोंडाने. तीन झाल्या की चार वर्षांची ही बाई मान वाकडी करते, कान आणि खांदा यांच्यात नसलेला फोन दाबून धरते आणि दोन्ही हातांनी पोळी लाटत राहते. "हां, बोल गं. काही नाही, पोळ्याच करतेय."

तो खांदा तिला कुणी शिकवलेला नाही.

(दृश्य: तुळशीबाग, पुणे. पितळी भातुकलीचं दुकान.)

चूल, बंब, खलबत्ता, पाटा-वरवंटा, जातं. हे सगळं बघून भरून येतं ते आजीला. नातीने घरात जातं फिरताना पाहिलेलंच नसतं. ती थोडा वेळ खुंटा गोल गोल फिरवते आणि मग त्याचा मिक्सर करून टाकते. घर्रर्र!

दिसतं ते खेळात येतं. न दिसणाऱ्याचं काय होतं, ते बघायचं असेल तर बाबा झालेल्या मुलाकडे बघा. पिशवी खांद्याला लावून तो "ऑफिसला चाललो" म्हणतो, कोपऱ्यापर्यंत जातो आणि तिथूनच वळतो. "आलो. चहा टाक." मधले आठ-नऊ तास सफाचट! बाबा तिकडे काय करतात, याची बिचाऱ्याला कल्पनाच नाही. घराला लागून किराणा दुकान असलेल्या मुलाचं मात्र तसं नसतं. तो पुड्या बांधतो, सुट्टे नाहीत म्हणून गोळी देतो, आणि उधारी मागणाऱ्याला पार हाकलून लावतो.

काम दिसतं, तसा काम करणाऱ्याचा सूरही ऐकू येतो. 1961 साली अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला. त्यातल्या काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला बडवलं. नंतर त्या मुलांपैकी बऱ्याच जणांनी तसेच ठोसे मारलेच, शिवाय मारताना त्या माणसाने काढलेले उद्गारही उचलले. आपल्याकडे बाहुलीला भरवताना "एक घास, बस, शेवटचा" म्हणणारी मुलगी पुढचे चार घास कोंबते, तेव्हा ही लबाडी कुठून आली ते वेगळं सांगायला नको.

(दृश्य: दोन मुली, एकच ओढणी.)

म्हणून ही नुसती नक्कल आहे का? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी 1933 सालच्या एका व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण दिलं होतं. पाच आणि सात वर्षांच्या त्या मुली ठरवून "बहिणी-बहिणी" खेळतात. एरवी बहीण असणं त्यांच्या ध्यानीमनीही नसतं. खेळात मात्र त्या हातात हात घालतात, सारखे कपडे घालतात, बहिणींनी कसं वागायचं ते काटेकोर पाळतात. विगोत्स्कींचं म्हणणं असं, की खेळातल्या प्रत्येक भूमिकेला नियम असतात आणि मूल ते स्वतःहून पाळतं.

जिन्याखाली सध्या त्या नियमांवरूनच जुंपली आहे. ओढणीवाली आई बाहुलीवर ओरडली, "थांब, बाबांना घरी येऊ दे!" दुसरीने खेळ थांबवला.

"आई असं नाही बोलत."

"तुझी नसेल बोलत."