सही करण्याआधी: गाण्याचा करार कसा वाचावा

आज समोर गीतकार, चाल बांधणारे, गायक आणि स्टुडिओ चालवणारे असे सगळेच बसले आहेत. म्हणून बाकीचे कायदे बाजूला ठेवतो आणि एकाच कागदावर बोलतो: म्युझिक कंपनी तुमच्यापुढे सरकवते तो इंग्रजी करार. मुद्रांक पाचशेचा आहे म्हणून आतला मजकूर रास्त ठरत नाही.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि तुमच्या सहीनेच. कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कंपनीने वर्षभरात सोपवलेला हक्क वापरलाच नाही, तर तो हक्क तुमच्याकडे परत येतो. मात्र 'करारात वेगळं ठरलं नसेल तर' अशी अट त्याला आहे, आणि घात तिथेच होतो. 'कलम १९(४) लागू होणार नाही' अशी ओळ बारीक अक्षरांत, बहुधा शेवटच्या पानांवर असते. ती शोधा आणि खोडायला सांगा. नाहीतर गाणं डब्यात पडून राहतं आणि तुम्हाला ते दुसऱ्याला देताही येत नाही.

भाषांतराचा हक्क स्वतंत्र आहे. आपल्या सोलापुरात मराठीच्या बरोबरीने तेलुगू आणि कन्नड बोललं जातं, त्यामुळे चाललेल्या गाण्याला लगेच दुसऱ्या भाषेतून मागणी येऊ शकते. करारात भाषांतर दिलेलं नसेल तर तो हक्क गीतकाराकडेच राहतो. द्यायचाच असेल तर वेगळे पैसे मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. 'एकरकमी पंधरा हजार, पुढे काही मागणार नाही,' अशा कागदावर सही झाली की गीतकार हात झटकून बसतात. तसं करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांचा आणि चालीचा रॉयल्टीतला (म्हणजे गाणं वापरलं जाईल तसतशा मिळणाऱ्या पैशांतला) समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडताच येत नाही. तो फक्त वारसांना किंवा वसुली करणाऱ्या सोसायटीला देता येतो. उलट लिहिलेला करार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो. चित्रपटातल्या गाण्यालाही हेच लागू आहे, फक्त थिएटरमध्ये चित्रपटासोबत वाजतं तेवढा वापर वगळून. गायकाचा हक्क वेगळ्या कलमात, ३८ अ मध्ये आहे: व्यापारी वापर झाला की त्यालाही रॉयल्टी.

हक्क असला तरी पैसे आपोआप येत नाहीत. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या रॉयल्टी वसूल करणाऱ्या सोसायटीचं सभासदत्व घ्यावं आणि प्रत्येक गाणं वाट्याच्या टक्केवारीसह तिथे नोंदवावं. पोस्टरवर टोपणनाव, आधारवर पूर्ण नाव, यूट्यूबवर तिसरंच स्पेलिंग असेल तर रक्कम जुळत नाही आणि अडकून पडते. सगळीकडे एकच नाव ठेवा.

चाल पेटीवर बसून केली, नोटेशन लिहिलंच नाही, तरी कायदा संगीतकार तुम्हालाच मानतो. प्रश्न पुराव्याचा येतो. पहिल्यांदा सुचलेली चाल फोनवर गुणगुणून सहकाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, तारखेसकट राहते. पक्की नोंदणी करायची तर गीत किंवा संगीतासाठी सरकारी शुल्क ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २०००. अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण वादात उपयोगी पडते.

नवीन करारांत एक ओळ डोळ्यांत तेल घालून पाहा: 'आवाज कोणत्याही तंत्रज्ञानाने वापरण्याचा हक्क'. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली, कारण त्यांनी संमती दिलेली नव्हती. तुम्ही अशा ओळीखाली सही केलीत तर ती संमती मानली जाऊ शकते.

पंढरपूर जवळ असल्याने शेवटचा प्रश्न हमखास येतो: तुकोबांचा अभंग गाऊन टाकला, तरी यूट्यूबवर क्लेम, म्हणजे दुसऱ्याचा मालकीचा दावा, कसा? अभंगाचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्यावर अलीकडे बांधलेली चाल एखाद्या संगीतकाराची असते आणि ध्वनिमुद्रण कंपनीचं असतं. चालीचा कॉपीराइट संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. चाल परंपरेतली असेल आणि वादन-गायन तुमचंच असेल तर क्लेमवर 'डिस्प्यूट', म्हणजे हरकत, नोंदवा. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात. कराओके ट्रॅक विकत किंवा फुकट घेऊन गायलं असेल तर आधी त्या ट्रॅकचा परवाना तपासा.