चार पेन्सिल सेलवर चालणारा कॉम्प्युटर

नमस्कार मंडळी, आज गप्पा मारूया एका जुन्या कॉम्प्युटरवर, टीआरएस-८० मॉडेल १०० त्याचं नाव, १९८३ साली अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत आला. साधारण फुलस्केप कागदाएवढा आकार, वजन दीड किलोच्या आत.

आता त्याआधी पोर्टेबल कशाला म्हणायचे बघा. १९८१ चा ऑस्बोर्न वन, वजन जवळजवळ ११ किलो आणि चालवायला भिंतीतला प्लग लागणार म्हणजे लागणारच! आणि हा मॉडेल १०० चार पेन्सिल सेलवर वीसेक तास चालायचा, कारण आत कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप्स, डिस्क ड्राइव्ह नाही, आणि स्क्रीन एलसीडी, तीही बिनलाईटची, ८ ओळी आणि एका ओळीत ४० अक्षरं, बस.

बनवला जपानच्या क्योसेरानं. आतलं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टचं, आणि ते लिहिणाऱ्यांत जे सुझुकी नावाच्या प्रोग्रॅमरसोबत खुद्द बिल गेट्स होते, स्वतः बसून बराचसा कोड लिहिला असं हे आपलं शेवटचं मशीन, असं त्यांनी नंतर सांगितलंय.

मला सगळ्यात भारी वाटतं ते म्हणजे बटण दाबलं की लगेच चालू. वाट बघणं नाही, समोर मेन्यू, टेक्स्ट निवडा आणि लिहायला लागा, आणि सेव्ह करायची भानगडच नाही कारण फाइल मेमरीतच राहते, मशीन बंद केलं तरी राहते. ३२ केबीवाल्या मॉडेलमध्ये मेन्यूच्या खाली दिसायचं २९६३८ बाइट्स फ्री, आजच्या एका फोटोलाही पुरणार नाही एवढी जागा, पण बातमी लिहायला भरपूर हो.

म्हणूनच पत्रकारांनी तो उचलून धरला. आत ३०० बॉडचा मोडेम होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं, हजारेक शब्दांची बातमी तीन-चार मिनिटांत फोनवरून थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, पलीकडे कुणाला वाचून दाखवायची नाही की तिकडे कुणी पुन्हा टाईप करायची नाही. आणि हॉटेलच्या फोनची वायर निघत नसेल तर रबरी कप मिळायचे, ते रिसिव्हरच्या दोन्ही टोकांना बसवायचे, की आवाजावरून मजकूर रवाना. सामन्याच्या मैदानावरनं, प्रचारदौऱ्यातनं, कुठूनही! मला तर वाटतं बातमीदाराच्या कामाचा एवढा नेमका विचार केलेली मशीन्स फार थोडी झाली.

पुढे १९८४ मध्ये घडीच्या स्क्रीनचा मॉडेल २०० आला, १९८६ मध्ये आणखी हलका १०२. पण कीबोर्ड १०० चाच लाडका, पूर्ण आकाराचा, आणि आजही काही लोक त्यावर लिहितात, फक्त वर्षाच्या आधीचं १९ रॉममध्येच, म्हणजे पुसता न येणाऱ्या मेमरीत, कोरलेलं असल्यामुळे २००० नंतर तारीख चुकीची दिसते, तर त्यावरही त्यांनी आपापले उपाय शोधून काढलेत.