तीनदा विकलेलं कोहळं

(दृश्य: टिनाचं छप्पर, दारावर लाकडी क्रूस, बाहेर चपलांचा ढीग)

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूचं हे गाव. चहूकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मधून तुरीच्या ओळी. दारावर क्रूस नसता तर ही खोली कुणाचं गोदाम वाटली असती. इथली ख्रिस्ती मंडळी लहान आहे, एरवीच्या रविवारी सतरंजीचा एक कोपरा मोकळाच राहतो. बहुतेक घरं रोजीनं दुसऱ्याच्या वावरात जाणारी.

आज मात्र दारापर्यंत माणसं बसली आहेत. तूर घरात आली, आज सुगीचा सण.

पाळकांपुढे दानार्पण मांडलंय. पायलीभर तूर, हरभऱ्याच्या जुड्या, वांगी, पाय बांधलेला गावरान कोंबडा आणि एक कोहळं. प्रार्थना संपते आणि लिलाव सुरू होतो. बोली लावणारे खजिनदार एरवी मोजकं बोलतात, आज त्यांना आवरणं कठीण.

कोहळं शंभराला गेलं. घेणाऱ्यानं ते उचललं आणि पुन्हा जागेवर नेऊन ठेवलं. परत बोली. दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्या खेपेला एका आजीबाईंनी ते घेतलं आणि सरळ पदराखाली धरलं. "आता नाई देत जी, भाजी करतो आज!"

एकच कोहळं तीनदा विकणारा बाजार दुसरीकडे कुठं भरत असेल, असं वाटत नाही.

(दृश्य: पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरणारा मजूर)

या पैशाचा मोठा भाग खर्च होतो तो पावसाळ्यात, फवारणीच्या दिवसांत. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं दगावली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा थेट तोंडावर येत होता. त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली आणि अंगात साधा सदरा. शेकडो मजूर दवाखान्यात पोचले.

तेव्हापासून मंडळीनं एक काम धरलंय. जुलैत घरोघरी हातमोजे, तोंडाला बांधायचं फडकं आणि साबण पोचवायचा. ख्रिस्ती घर, बौद्ध घर, कोलाम आदिवासींचा पोड (पाडा), असा भेद नाही. जाताना सांगायचं तेही ठरलेलं आहे. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की पंप तिथंच उतरवा, कपडे काढा, साबणानं अंग धुवा. आणि दवाखान्यात जाताना औषधाची बाटली सोबत न्या, काय अंगात गेलं ते डॉक्टरला त्यावरून कळतं. बाटलीचं हे कुणाच्याच ध्यानात राहत नाही, म्हणून भगिनी मंडळाच्या बाया तेच दोनदा सांगतात.

हातमोजे किती जण घालतात? उन्हात हात उकडतात, बरेच जण काढून ठेवतात. आम्ही चित्रीकरण केलं त्या वावरातही ते धुऱ्यावरच पडले होते.

रोगी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात गेला की दुसरं काम सुरू होतं. रोग्याची सोय वॉर्डात होते, पण सोबत आलेली बायको किंवा भाऊ व्हरांड्यात बसून असतो. रोजी बुडालेली, खिशात परतीच्या तिकिटापुरते पैसे. रोज इथून डबा पाठवणं परवडणारं नाही. म्हणून धान्य एसटीनं जातं आणि यवतमाळातलं एक ओळखीचं कुटुंब वरण-भात, पोळ्या करून पोचवतं.

या डब्यासोबत ख्रिस्ती धर्माची पत्रकं द्यायची का, यावर मंडळीत बरंच वाजलं. एक तरुण म्हणाला, "वचन नाही द्यायचं, तर आपल्यात अन् खानावळीत फरक काय?" प्रश्न मला अगदीच गैर वाटला नाही, त्याची श्रद्धा खरी आहे. पण कोहळंवाल्या आजीबाई उठल्या. "उपाशी माणसापुढं ताट धरून आपलं म्हणणं आयकवाचं नाई."

पत्रकं गेली नाहीत. कुणी विचारलं तर गावाचं आणि चर्चचं नाव सांगायचं, एवढंच ठरलं.

(दृश्य: जुनी नोंदवही, पिवळी पानं)

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. पुढे वऱ्हाडात मिशनची ठाणी उभी राहिली, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली लेकरं मिशनच्या अनाथालयांत वाढली. या मंडळीतल्या दोन घरांची वंशावळ अशाच एका अनाथालयापाशी थांबते. त्यामागचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आजीबाईंचं घर त्यातलंच.

लिलावाची रक्कम मोजून झाली. खजिनदारांच्या वहीत यंदा दोन खर्च समोरासमोर आहेत. छपराचे चार टिन गळतात, आणि गेल्या पावसाळ्यात रोगी नेलेल्या गाडीचं भाडं अजून द्यायचंय. गाडीवाला गावातलाच, त्यानं तगादा लावलेला नाही. पाळकांचं मत छपराकडे, बायांचं गाडीकडे. रविवारी उपासनेनंतर बैठक आहे.